नंबरानं सरका

शेवटचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं ते तुरीच्या ओल्या शेंगा सोलण्याचं. पौषातली सकाळ होती. ऊन ओसरीवर गुडघ्यापर्यंत आलं होतं. मधे सूप, एका बाजूला बुढी अन् एका बाजूला मी. बुढी म्हणजे माझी बायको, गिरजा. सोले, म्हणजे ते ओले दाणे, वांग्यात घालून भाजी करायची होती. तिचा अंगठा शेंगेवरून नुसता फिरला की दाणे सुपात पडत. माझ्या हातात शेंग आली की दाणा उडून अंगणात जाई अन् कोंबड्या टपलेल्याच असत.

"तुमी सोलून राह्यले का कोंबड्या पोसून राह्यले?" ती म्हणाली.

"मंग तूच सोल."

"मीच त सोलून राह्यली. तुमी बसा शेंगाईले नंबर लावत."

मी जिनच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकावर चौकीदार होतो. कापसाच्या गाड्या येत त्यांना खडूनं नंबर टाकणं हे माझं काम. त्या कामाची थट्टा मला चालत नसे, म्हणून मी उठलो अन् टोपी घातली. तिनं विचारलं, "दुपारी जेवायले येता का?" मी म्हटलं, "लाइन मोठी हाये, नाई येत." ती म्हणाली, "मंग संध्याकाळी गरम करून देईन."

एवढंच बोलणं झालं. चाळीसच्या वर वर्षं संसार केला अन् शेवटचा शब्द निघाला तो भाजी गरम करण्याचा. लोकांना हे ऐकून वाईट वाटतं. मला नाही वाटत. नवरा-बायको आणखी काय बोलतात?

आता पुन्हा तेच दिवस आले आहेत. वर्ध्याकडून येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या बाभळींना कापूस लागला आहे. भरलेल्या गाड्या फांद्यांना घासून जातात अन् प्रत्येक काटा थोडा थोडा कापूस ठेवून घेतो. लांबून पाहिलं की वाटतं बाभळीला फूल आलं, जवळ गेलं की धूळ दिसते. जिनचा धडधडाट सुरू झाला की सरकीचा तेलकट वास गावभर फिरतो. पोरांच्या केसांत कापूस, चहात कापूस, देवाच्या दिव्यात कापूस. माझं अंग अजून खाजतं. घरात कापूस नाही तरी खाजतं.

ज्यानं हा मुलूख पाहिला नाही त्याला सांगतो. आमच्याकडे कापूस घरात राहतो. बरा भाव येईपर्यंत तो पुढच्या खोलीत भरतात, पार छतापर्यंत. माणसं मग एका कडेनं अंग चोरून ये-जा करतात. बुढीला कापूस तुडवायला फार आवडे. शेतात सीतादहीची पूजा केल्याशिवाय ती पहिलं बोंड तोडू देत नसे. पण एकदा कापूस घरी आला की पदर खोचून वर चढायची अन् नाचल्यासारखी तुडवायची. मी खालून ओरडायचो, "पडशील वं म्हातारे!" ती वरून म्हणायची, "पडली त कापसावरच पडीन ना!" त्या खोलीत गेलं की उबदार वाटे. थंडीत पाहुणा आला तर आम्ही त्याला कापसावर गोधडी टाकून झोपवत असू. कापूस म्हणजे घरात आलेली लक्ष्मी. लक्ष्मी घरात बसून जीव घेईल असं कोणाच्या मनात येईल?

आमचं गाव आता नगरपंचायत झालं आहे, पण रस्ता जुनाच. मोठ्या सडकेवरून फाटा फुटतो, जिनच्या फाटकासमोरून जातो अन् गावात शिरतो. गाडी जाईल असा दुसरा रस्ता नाही. दोन्ही बाजूंना खोल नाली. हंगामात त्या रस्त्यावर बंड्या म्हणजे बैलगाड्या, मेटॅडोर, ट्रॅक्टर एकामागं एक उभे राहतात. गर्दी जास्त झाली की एकाच्या दोन लाइनी होतात. कोणी दोन दिवसही उभा असतो. बंडीखाली स्वयंपाक, बंडीखाली झोप, बंडीखालीच दाढी.

फार वर्षांपूर्वी याच लाइनीत डोकी फुटली होती. कोणी पुढं घुसला, कोणी तुतारी काढली, तुतारी म्हणजे बैल हाकायची टोचणीची काठी. तेव्हापासून मी नंबर सुरू केला. बंडीच्या फळीवर खडूनं आकडा, अन् नियम एकच. जो लाइनीतून हलला त्याचा नंबर गेला. बैल बिथरला, हलला, गेला नंबर. बायको बाळंत व्हायची आहे, घरी जा, पण नंबर गेला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. पण माझ्या खडूपुढं मोठमोठे पाटील गप्प बसत. पोलीस चौकीतला जमादार म्हणायचा, "बाबाजी, तुमी हायेत म्हणून मले हंगामात झोप लागते." मला त्याचा अभिमान होता. तो अभिमान मी इथं लिहून ठेवतो, कारण पुढचं त्यातूनच झालं.

त्या दिवशी दुपारी घंटा वाजत आगीची गाडी वर्ध्याहून आली. वेळेत आली. त्यांची काही चूक नाही, हे मी भेटेल त्याला सांगतो. फोन लागला, ते निघाले, अन् आले ते माझ्या लाइनीच्या शेपटीला. मी धावत गेलो. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"रस्ता द्या हो, मारुतीच्या बोळीत लागली म्हणतात."

माझं घर मारुतीच्या बोळीत. पण त्या बोळीत तीस-चाळीस घरं. मला वाटलं कोणाची पऱ्हाटीची, कापसाच्या वाळल्या झाडांची, गंजी पेटली असेल. हंगामात पेटतात. रस्ता तर द्यायचाच होता. पण दोन लाइनी लागलेल्या, खाली नाली, बंड्या जातील कुठं? दोन-चार जण बैल वळवायला लागले. मागचे ओरडले, "अय, लाइन तोडू नको!" भांडण पेटणार असं दिसलं. तेव्हा मी बंडीच्या चाकावर चढलो अन् ओरडलो, "कोणी लाइन मोडाची नाई! नंबरानं सरका!"

लोकांनी माझं ऐकलं. फाटक उघडून पहिला नंबर आत घेतला. मग दुसरा. मग तिसरा. एक बंडी आत गेली की सारी लाइन एक बंडी पुढं सरके, अन् आगीची गाडी तेवढीच. मी हात करून सांगत होतो, सावकाश, नंबरानं. कोणी कोणाला शिवी दिली नाही. एवढी शिस्तीची लाइन माझ्या सबंध नोकरीत लागली नव्हती.

मग शेजारचा गजानन गावाकडून पळत आला. त्याच्या हाताला माती होती. "बाबाजी, तुमच्या घरी हाये!"

छतातल्या तारेची ठिणगी कापसावर पडली होती. दाबून भरलेला कापूस भडकत नाही. तो आतून, मुकाट्यानं जळतो अन् धूर सोडतो. बुढी मागच्या चुलीपाशी होती. बाहेर यायचं दार एकच, ते पुढच्या खोलीतून. मागं भिंत. गजानन अन् शेजारी सब्बलनं भिंत फोडत होते. तिला बाहेर काढलं तेव्हा अंगावर एक फोड नव्हता. लुगड्याला नुसता धुराचा वास. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी जर..." मी त्यांना पुढं बोलू दिलं नाही. मला ठाऊक होतं थोडं कुठं गेलं ते.

लोक बसायला आले. म्हणाले, देवाच्या मनात होतं. मी म्हटलं, देवाले मधात आणू नका, बंड्या त्यानं उभ्या केल्या नव्हत्या. पोरगी शालू हिंगणीला दिलेली आहे. ती म्हणाली, "बाबा, आता चला माया घरी. इथं एकटे काय करता?" मी तिला सांगितलं, "येईन. पण काम हाये, ते झाल्यावर." तिला वाटलं म्हातारा भ्रमला. जिनची नोकरी मी सोडली होती. खडू फेकून दिला होता. मग काम कोणतं?

घराला पडलेलं भगदाड मी बुजवलं नाही. सुताराला बोलावून तिथं चौकट बसवली, दार लावलं. मग बोळीतल्या प्रत्येक घरी गेलो. "कापूस भरता त मागचं दार कुठं हाये?" बायका म्हणायच्या, "बाबाजी, मागच्या दारानं चोर येतीन." मी म्हणायचो, "चोर येईन त भांडी नेईन." पुढचं मला बोलावं लागत नसे. काहींनी दारं काढली, काहींनी मोठी खिडकी केली, काहींनी मला येताना पाहिलं की घराला कडी लावली. कडी लावणाऱ्यांकडे मी दोनदा गेलो.

अन् मग नगरपंचायतीत पाटी लागली की गावाला स्वतःची आगीची गाडी मिळणार. तिचं शेड, पोलिसांची नवी चौकी, दोर-शिड्या ठेवायची खोली, सगळं एका जागी. पावसाळा नुकताच संपला होता. कोणाला काही सांगायचं असेल तर सभेला या म्हणून दवंडी फिरली. मी पुढच्या खुर्चीवर जाऊन बसलो. भिंतीवर नकाशा टांगला होता. नवीन मुख्याधिकारी मॅडम, माझ्या नातीच्या वयाच्या, काठीनं दाखवत होत्या. जागा ठरली होती मार्केट यार्डाच्या मागं. रिकामी, सरकारी, भांडण नसलेली जागा.

मी उभा राहिलो. "तिथून गाडी गावात कोणत्या रस्त्यानं येईन?"

"याच, जिनच्या रस्त्यानं," मॅडम म्हणाल्या. "काका, तुम्हाला नकाशा कळतो ना?"

"नकाशा नाई कळत. कोणत्या बोळीत बंडी वळते अन् कोणत्या नाई, ते कळते. त्या रस्त्यावर हंगामात मुंगी वळत नाई."

नगरपंचायतीचे उपाध्यक्ष हसले. चांगला माणूस आहे, पण घाईचा. "बाबाजी, सायरन वाजला का लोक आपोआप बाजूले होतात."

"नाई होत."

"काऊन नाई होत?"

"लाइन भरली का एका सोमवारी या. पाहा."

मॅडमनी काठी खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी त्या जमादाराला घेऊन माझ्या घरी आल्या. आम्ही तिघं गाव फिरलो. मी दोराला गाठी मारून घेतल्या होत्या, दोन गाठींमधे आगीच्या गाडीची रुंदी. बोळीच्या तोंडाशी दोर धरायचा, दोन्ही गाठी भिंतींच्या आत मावल्या की पुढं. मारुतीपाशी दोन ओटे रस्त्यात आले होते. एका वळणावर विजेचा खांब मधोमध. गावातली पाण्याची टाकी भरलेली, पण तिच्या तोटीची किल्ली ज्याच्याकडे, तो शेतावर राहतो. जमादार वहीत लिहीत होता. मधेच म्हणाला, "बाबाजी, माया नोकरीत म्या हे गाव इतकं पायी पाह्यलं नाई."

"मंग काय पाह्यलं?"

"भांडनं पाह्यले."

मॅडम हसल्या. मग त्यांनी विचारलं, "काका, घरात कोण कोण असतं तुमच्या?" मी म्हटलं, "कोणी नाई." जमादारानं मान फिरवली. मॅडम नवीन होत्या, त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोक माझं म्हणणं म्हाताऱ्याचं दुःख म्हणून ऐकतात अन् मग बाजूला ठेवतात. मला दया नको होती. मला रस्ता पाहिजे होता.

थंडी पडली, लाइन भरली. या सोमवारी ठरल्याप्रमाणे नगरपंचायतीचा पाण्याचा टँकर आगीची गाडी समजून यार्डापासून सोडला. मारुतीच्या बोळीत पोचायला किती वेळ लागतो ते पाहायचं होतं. मॅडमच्या हातात मोबाईल, त्यात घड्याळ. जमादार पुढं शिट्टी मारत. टँकरचा हॉर्न असा वाजत होता की बैल कान पाडून उभे राहिले. माणसंही उभी राहिली. वळून पाहिलं, पण हललं कोणी नाही.

वामनराव म्हणून देवळीकडचा शेतकरी आहे. दर हंगामाला येतो, माझ्या ओळखीचा. त्याची बंडी सातवी होती. मी त्याच्या बैलाची वेसण धरली.

"वामनराव, काढा बाजूले."

"बाबाजी, कालपासून उभा हावो. सरकलो त माया नंबर कोण धरते?"

"आग लागली समजा."

"समजलो. कोणाच्या घरी लागली?"

"कोणाच्याही घरी."

तो बंडीवरून खाली उतरला. मग हळूच म्हणाला, कारण तो वाईट माणूस नाही, "मागच्या साली बी म्या बैल वळवले होते. तुमीच त चाकावर चढून म्हटलं, नंबरानं सरका."

हॉर्न थांबला होता. सगळ्यांनी ऐकलं. मॅडमनी जमादाराकडे पाहिलं, जमादारानं जमिनीकडे. उपाध्यक्ष पुढं आले. "जाऊ द्या वामनराव, कायले जुनं काढता?"

"नाई, काढू द्या," मी म्हटलं. "उपाध्यक्षसाहेब, तुमी विचारलं होतं ना लोक काऊन नाई हलत? म्या शिकवलं म्हणून नाई हलत. इतके वर्षं शिकवलं. चांगलं शिकवलं. त्या दिवशी आगीची गाडी याच जागी उभी होती अन् मायं घर जळत होतं अन् मी नंबर मोजत होतो."

मॅडमनी घड्याळ बंद केलं. टँकर अजून सातव्या बंडीच्याही मागंच होता.

हे मी प्रथमच तोंडानं बोललो. शालूलाही सांगितलं नव्हतं. बोलल्यावर हलकं वाटतं असं लोक म्हणतात. मला नाही वाटलं. होतं तेवढंच ओझं राहिलं. फक्त आता ते कशाचं आहे ते सगळ्यांना दिसत होतं, अन् दिसलेल्या ओझ्याला हात लावता येतो.

एक गोष्ट मी वर्षभर मनात घोळवली आहे. लाइन वाईट नाही. लाइन नसती तर डोकी फुटली असती. माझं चुकलं ते एवढंच की लाइन कशी लावायची ते शिकवलं अन् कधी मोडायची ते शिकवलं नाही. गावाचा बंदोबस्त म्हणजे दुसरं काय? पोलिसानं रस्ता राखायचा, आगीच्या गाडीनं पाणी आणायचं, घरवाल्यानं दुसरं दार ठेवायचं. यातलं एक राहिलं तर बाकीचे दोन नुसते उभे राहतात, माझ्यासारखे, हात करत.

संध्याकाळी नगरपंचायतीत पुन्हा बसलो. मॅडमनी यार्डाची जागा नकाशावरून खोडली. शेड अन् चौकी गावातल्या टाकीच्या बाजूला जाणार, पाणी जवळ, लाइन मधे नाही. टाकीची एक किल्ली चौकीत राहणार. उपाध्यक्षांनी सही केली, पण म्हणाले, "बाबाजी, हे सारं होयाले दोन हंगाम तरी जातीन. तोवर गाडी वर्ध्याहूनच येईन. अन् ती त याच रस्त्यानं येईन. तोवर काय?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. जणू मी सरकार.

"लाइन एकच लागली पायजे," मी म्हटलं. "अन् बंड्याईले उतरायले जागा पायजे. नंबराचं मी पाहातो."

"तुमी त नोकरी सोडली," जमादार म्हणाला.

"पगार सोडला."

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी फावडं अन् टोपलं घेऊन जिनच्या रस्त्यावर गेलो. नालीपलीकडे जिनची पडीक जमीन आहे, तिच्यात पन्नास बंड्या सहज मावतात. मधे नालीच काय ती आडवी. गजाननच्या घरामागं सिमेंटचा एक जुना पाईप पडून होता, तो आम्ही दोघांनी लोटत आणला. नालीत पाणी वाहायला वाट राहील असा बसवला अन् वर मुरूम टाकायला लागलो. जमादार वर्दीत आला. पट्टा सोडून बंडीवर ठेवला अन् टोपलं उचललं. लाइनीतले लोक बसल्या जागी दातून करत पाहत होते.

ऊन वर येईपर्यंत एक बंडी उतरेल एवढा रस्ता झाला. कंबर धरली होती. मी वामनरावाच्या बंडीपाशी गेलो. कालच्या गोंधळात तीनच बंड्या आत गेल्या होत्या, म्हणून तो आता चौथा होता.

"उतरवा खाली."

"अन् नंबर?"

"चार. मले पाठ हाये. उतरा, फिरा, अन् वापस चारवर या."

त्यानं मागच्या माणसाकडे पाहिलं. मागच्यानं माझ्याकडे. मग वामनरावानं कासरा ओढला, बैलांनी माना वळवल्या, बंडी मुरुमावरून करकरत पडिकात उतरली. तिच्या जागी रस्ता मोकळा दिसला, पुढून मागपर्यंत नाही, एका बंडीपुरता. वामनराव पडिकात फिरून वर आला. पाचव्या नंबरवाल्यानं बैल मागं रेटले अन् त्याला जागा दिली.

मी पाचव्याला हात केला. "आता तुमी."